पितांबरी ठेक्याचं खरेदीखत

आसोद्यात पितांबरच्या घरावर पाटी लागली, तेव्हा ती वाचायला सगळ्यात जास्त वेळ उभा राहिला तो स्वतः पितांबरच. पाटी त्यानंच रंगवली होती. ‘येथे लग्नाचा ठेका भाड्याने, मक्त्याने व खरेदीने मिळेल. कॅसेटवरून कॅसेट भरणाऱ्यावर कारवाई होईल.’ शेवटच्या ओळीला पाटी पुरली नाही, म्हणून ‘होईल’ भिंतीवर गेलं होतं. त्यामुळं कारवाई जरा लांबवर पोचेल, असं पितांबरला वाटत होतं.

गावात प्रौढ साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा पितांबर पन्नाशीला टेकला होता. तोवर अंगठा उठवणारा माणूस. सही यायला लागली आणि त्याला सहीचा नादच लागला. दुकानदारानं चहाची पुडी हातात दिली तरी विचारायचा, “सही करू का कुठं?”

ठेका मात्र खरोखर त्याचा होता. केळीचं शेत सांभाळून तो लग्नसराईत गावच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. एकदा नवरदेवाच्या मिरवणुकीत, नाचणाऱ्यांकडं तोंड करून उलटा चालताना त्याचा पाय उघड्या गटारीत गेला. थाप पडायची तेव्हा पडली नाही. पितांबर सावरला, मग पडली. मधल्या पोकळीत नाचणाऱ्यांचे उचललेले पाय तसेच वर राहिले आणि थाप आली तेव्हा सगळे एकदम खाली आले. धुरळा उडाला. लोक म्हणाले, काय नवीन काढलं पितांबरनं! पुढच्या लग्नात फर्माईश आली. गटारीचं कुणाला सांगायचं पितांबरला कधी कारण पडलं नाही. त्यानं तो ठेका गटारीविना बसवला, घासला, आणि नाव ठेवलं पितांबरी ठेका.

मग कुणीतरी सुचवलं आणि जळगावात एका रेकॉर्डिंगवाल्याकडं जाऊन त्यानं ठेक्याची कॅसेट केली. त्यात गाणं नाही, पेटी नाही. ढोल, हलगी आणि ताशा तिन्ही त्यानंच वाजवून एकावर एक भरलेले. बँडवाले ती कॅसेट गाडीवरच्या भोंग्याला लावायचे आणि वरून हवं ते गाणं क्लॅरोनेटवर काढायचे. लहान बँडला मोठ्या बँडचा आवाज यायचा. एकानं घेतली, पाचांनी त्याच्यावरून भरून घेतली. जळगावच्या स्टँडवर चहा पिताना पितांबरनं आपलाच ढोल ऐकला, आणि कपबशी धुणारा पोरगा त्यावर बशा आपटत होता. पितांबरला आधी बरं वाटलं. मग राग आला. आपला हात गावोगाव फिरतो आणि आपल्याला कुणी विचारत नाही!

घरी येऊन त्यानं विचार केला तो शेतकऱ्यासारखाच केला. शेत आपण दुसऱ्याला कसं देतो? हंगामापुरतं भाड्यानं, सालाच्या मक्त्यानं, नाहीतर कायमचं खरेदीनं. ठेकाही तसाच द्यायचा. भाड्यानं म्हणजे एका लग्नापुरता, सकाळी कॅसेट परत. मक्त्यानं म्हणजे एका जिल्ह्यापुरता, एका लग्नसराईला. खरेदीनं म्हणजे मालक बदलला.

बायको द्रौपदाबाई भाकरी थापता थापता ऐकत होती.

“शेत देता ते समजलं,” ती म्हणाली. “शेतात केळी येते. ठेक्यात काय येते? धुरळा.”

“तुला नाही समजायचं. हा हक्काचा प्रश्न आहे.”

“मग माहा खोकला बी देऊन टाका कोनाला मक्त्यानं. रातभर वाजतो.”

पण पाटी लागली, आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक आलं. पहिला आला चुडामण, दोंडाईच्याच्या बँडचा म्हातारा मालक. त्यानं धुळे जिल्हा मक्त्यानं घेतला. चुडामण शब्दाचा पक्का माणूस. कागदावर पितांबरनं सही केली, ती दोनदा केली, कारण पहिली त्याला पसंत पडली नाही.

दुसरा आला पहूरचा धनसिंग. त्याचा बँड मोठा, लाल कोटांचा. त्यानं जळगाव जिल्हा खरेदीनंच मागितला. पैसे रोख. पितांबरची मुलगी मंदा लग्नाची झाली होती, घरात सोनं नव्हतं. पितांबर हो म्हणाला.

खत लिहायला दोघं जळगावला कोर्टाबाहेर बसणाऱ्या लेखनिक नानांकडं गेले. नानांनी जन्मभर जमिनीची खतं लिहिलेली. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “मिळकतीच्या चतुःसीमा सांगा.”

“नाना, हा ठेका आहे,” धनसिंग म्हणाला.

“असू दे. चतुःसीमेशिवाय खरेदीखत होत नाही.”

पितांबर मागं हटणारा नव्हता. त्यानं घसा खाकरला. “लिहा. पूर्वेस मलकापूरची हद्द. पश्चिमेस धुळे जिल्हा. उत्तरेस सातपुडा. दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर.”

नानांनी लिहिलं. मग हाताच्या सवयीनं ‘झाडझाडोरा, विहीर, बांध व येण्याजाण्याच्या वहिवाटीसह’ असंही लिहिलं आणि थबकले. “विहीर खोडू का?”

“राहू द्या, नाना. विहीर असली की खत वजनदार दिसतं.”

शेवटी नाना म्हणाले, “जमिनीच्या खतात आणखी एक ओळ असते. विकणाऱ्यानं वा त्याच्या वारसांनी सदर मिळकत पुन्हा वहिवाटू नये. इथं ती नको बहुतेक.”

“नकोच,” धनसिंग म्हणाला. “पितांबरभाऊ, तुमी स्वतः वाजवलं तर माहं काय जातं?”

“नाही, नाही!” पितांबरनं हात वर केला. “लिहा ती ओळ. विकणाऱ्यानं स्वतःही वाजवू नये. विकलं म्हणजे विकलं. मला अर्धवट काम पटत नाही.”

“अहो, पण कशाला?”

“एकाला सूट दिली की बांध फुटला, धनसिंगभाऊ. आज मी वाजवीन, उद्या माझा भाऊ वाजवील, परवा सगळं आसोदं वाजवील. मग तुमच्या हातात राहिलं काय?”

धनसिंगनं खांदे उडवले. पितांबरनं सही केली. सही करताना त्यानं तोंडानं सहीतली अक्षरं म्हटली.

बरं, खत पेटीत ठेवून गप्प बसावं, तर तेही नाही. पुढच्याच महिन्यात गावात एका लग्नात त्याच्याच बँडमधल्या जुन्या सोबत्यांनी पितांबरी ठेका धरला. पितांबर मिरवणुकीच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि त्यानं खत वर धरलं. “बंद करा! हा ठेका आता पहूरच्या मालकीचा आहे. कायद्याचं काम आहे.” वाजवणारे बिचारे थांबले. नवरदेव बिनठेक्याचा मांडवात गेला. त्या नवरदेवाची आई पितांबरशी नंतर कधी बोलली नाही, आणि पितांबर चारचौघांत सांगत फिरला, “मी स्वतःलासुद्धा सूट ठेवलेली नाही!” स्वतःसाठी एवढा मोठा खड्डा इतक्या आवडीनं खणणारा माणूस आसोद्यानं आधी पाहिला नव्हता.

मंदाचं जमलं ते दोंडाईच्याला. मुलगा जिनिंगमध्ये नोकरीला, त्याचे वडील बन्सीलाल तिथंच मुकादम. माणसं मोकळी. लग्न आसोद्याला करायचं ठरलं. कुंकू लागलं त्या संध्याकाळी मंदा चहा घेऊन पितांबरजवळ बसली.

“आबा, एक मागू का?”

“माग.”

“मला भांडी कमी द्या, साड्या कमी द्या. पण नवरदेव पारावरून मांडवात येईल तेव्हा ढोल तुम्ही वाजवायचा. पितांबरी. मी आत बसून ऐकीन. लहानपणापासून ठरवलंय मी.”

“त्यात काय!” पितांबर म्हणाला, आणि कप तोंडाशी नेता नेता त्याचा हात मध्येच थांबला. ठेक्यात थांबतो तसाच. फक्त पुढची थाप काही आली नाही.

मंदा आत गेली. द्रौपदाबाई दारात उभी होती.

“काढा ते खत,” ती म्हणाली. “वाचा. आता तं वाचता येते ना?”

“पाठ आहे मला.”

“मंग म्हना.”

पितांबर उठला आणि कप स्वतःच मोरीत नेऊन ठेवला.

त्याच्या मनात आलं, नवरदेवाकडचा बँड चुडामणचाच असणार. त्याच्याकडं ठेका आहे. तो वाजवील, आपण सहज जवळ उभे राहू, आणि मध्येच ढोल गळ्यात घेऊ. कोण बघतंय! तो एसटीनं दोंडाईच्याला गेला. चुडामणनं पाणी दिलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं.

“पितांबरभाऊ, मी वाजाडतू. पन कागदवर काय लिखेल शे? धुये जिल्हा. आसोदं धुये जिल्हामा शे का?”

“नाही, पण...”

“पारोयाना पलीकडे मना ढोल मुका. तुम्हनीच सही शे ना?” त्यानं कागद आणून दाखवला. “दोन सह्या शेतस.”

“चुडामणबाबा, माझ्या पोरीचं लग्न आहे.”

“मंग तं जास्तच नीट वागाले पाहिजे,” चुडामण म्हणाला. “शुभ काममा लबाडी कशी करू?”

पितांबर परत आला आणि दुसऱ्या दिवशी पहूरला गेला. एसटीत त्यानं बोलणं तयार केलं होतं. धनसिंग दारातच बसून झांजा पुसत होता. पितांबरनं मंदाचं मागणं सांगितलं आणि म्हणाला, “एका दिवसाचं आहे. तुम्ही हो म्हणा म्हणजे झालं.”

धनसिंग हसला नाही, हे विशेष. “मी लगेच हो म्हटलं असतं. पण तुमी आसोद्यात मिरवणूक अडवली ना, ते जामनेरपासून चोपड्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. तवापासून कोनी माहा ठेका चोरत नाही. आता पितांबरच वाजवतो म्हटल्यावर? बांध फुटला की. तुमचाच शब्द आहे.”

“बरं, भाड्यानं द्या मला. एका लग्नापुरता. सकाळी परत करतो.”

“काय परत करता? ठेका?” आता मात्र धनसिंगला हसू आलं. “पितांबरभाऊ, विकनाऱ्यानं वाजवू नये, असं लिहिलंय. भाड्यानं बी नाही, फुकट बी नाही. मी नको म्हनत होतो ती ओळ.”

“मग?”

धनसिंगनं झांजा खाली ठेवल्या. खुंटीवरच्या लाल कोटांकडं बोट केलं. “हा ठेका धनसिंगच्या बँडनं वाजवावा, असं खत म्हनतं. बरोबर? मंग तुमच्याकडून मीच बँड घेऊन येतो. तुमी त्या दिवशी माह्या बँडमधे या. कोट घाला, टोपी घाला, रांगेत चाला. कोटातला मानूस माहा. त्यानं काय वाजवलं ते मी वाजवलं.”

“धनसिंगभाऊ! मी नवरीचा बाप आहे.”

“म्हनून तं चांगल्यातला कोट देतो.”

परतीच्या एसटीत पितांबर खिडकीशी बसला होता. घरी त्याचा गुलाबी फेटा येऊन पडला होता. नवरदेवाला पारावरून आणायचं, व्याह्यांना सामोरं जायचं, पाहुण्यांत हात जोडून फिरायचं, हे सगळं तो फेटा बांधून करायचं होतं. त्याऐवजी लाल कोटात, रांगेत, पहूरच्या पोरांमागं ढोल बडवत चालायचं. भाऊबंद काय म्हणतील? दोंडाईच्याचे काय म्हणतील? आणि नाही वाजवलं, तर मंदा काही म्हणणार नाही. हे जास्त वाईट होतं. ती काही म्हणणार नाही, आणि आत बसून ऐकत राहील, न वाजलेला ठेका.

घरी आल्यावर त्यानं द्रौपदाबाईला सांगितलं. तिनं कोटाची हकीगत ऐकली, पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले.

“रडतेस का?”

“नाही व माय,” ती कशीबशी म्हणाली. “हासू राहिली. फेटा अभिमनभाऊजींना द्या.”

अभिमन म्हणजे पितांबरचा धाकटा भाऊ. त्याला फेटा शोभला, पितांबरपेक्षा जास्तच.

लग्नाच्या दिवशी धनसिंगनं शब्द पाळला. कोट चांगल्यातला होता, पण तो त्याच्या क्लॅरोनेटवाल्याच्या अंगाचा होता आणि क्लॅरोनेटवाला काडीसारखा. पितांबरच्या पोटावर वरची दोन बटणं लागली, खालची नाही. टोपीला तुरा होता, तो डोळ्यावर यायचा. छातीवर सोनेरी दोऱ्यानं काढलेलं होतं, ‘धनसिंग ब्रास बँड, पहूर’. पितांबरनं मान खाली घालून ते उलटं वाचलं. साक्षरतेच्या वर्गाला गेलो नसतो तर किती गोष्टी टळल्या असत्या, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

पारावर नवरदेव घोड्यावर बसला. आसोद्याची सगळी माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभी होती. त्यांना सगळं ठाऊक होतं. ती बिनबोलावलेल्या वस्तीतूनसुद्धा आली होती. ज्यांना पितांबरनं मिरवणुकीत अडवलं होतं ते जुने सोबती पुढच्याच रांगेत होते.

“पितांबरभाऊ, खत आणलं का?”

“जरा विहीर सांभाळा, पाय जाईल!”

पितांबरनं ढोलाचा बंद आवळला. धनसिंगनं हात वर केला आणि पितांबरनं ढोलावर टिपरू टाकलं.

ठेका सुरू झाला आणि बाकी सगळं मागं पडलं. हात आपला आपण चालत होता. दोंडाईच्याकडची मंडळी पहिल्या फेरीतच वेडी झाली. त्यांच्याकडं चुडामण हा ठेका कॅसेटवर लावायचा, खरा हात त्यांनी कधी ऐकला नव्हता. खुद्द बन्सीलाल धोतराचा सोगा खोचून नाचत पितांबरपुढं आला. एकदाच, कुंकू लागलं त्या दिवशी, त्यानं पितांबरला पाहिलेलं, तेही पांढऱ्या टोपीत. आता तुऱ्याखाली त्याला कुठं ओळखणार!

“वा रे गडी! कथाना शे तू?”

पितांबरचे दोन्ही हात ढोलावर. काय सांगावं? “पहूरचा,” तो म्हणाला. छातीवर तसंच लिहिलेलं होतं.

“जमाडं भो!” बन्सीलालनं कोरी नोट काढली, नवरदेवावरून ओवाळली आणि बँडवाल्याला देतात तशी पितांबरच्या तोंडात धरली. पितांबरनं दातांनी पकडली. हात थांबवता येत नव्हते आणि नोट टाकता येत नव्हती. दोन्ही बाजूंचं आसोदं हसून हसून खाली बसलं. अभिमन फेट्यात तोंड लपवून उभा होता.

घराजवळ वळण आलं. पितांबरनं वर बघितलं. घराच्या धाब्यावर बायका दाटल्या होत्या, आणि त्यांच्यात मंदा होती. अंगाला हळद, एकच मुंडावळी बांधलेली, दुसरी कानावर लोंबत. आत बसून ऐकणार होती ती. पण तिला आत बसवेना. तिनं आपल्या बापाला पाहिलं, लाल कोटात, उघड्या पोटाचा, तोंडात नोट. तिचं तोंड आधी उघडंच राहिलं, मग ती अशी हसली की शेजारणीनं तिला दंडाला धरलं. हसता हसताच तिनं डोळे पुसले.

पितांबर नेमका त्या पोकळीवर आला होता. थाप द्यायची. त्यानं दिली नाही. सगळ्या मिरवणुकीचे पाय वर. बन्सीलाल एका पायावर. पोकळी लांबली, आणखी लांबली. गटारीतसुद्धा एवढी लांबली नव्हती. घोड्यानं कान टवकारले. कुणीतरी तोल जाऊन धनसिंगच्या झांजांवर पडलं. मंदा वरून ओरडली, “आबा, द्या ना!”

आणि थाप पडली.

मांडवात व्याहीभेट होती. अभिमननं फेटा सारखा केला आणि हाक दिली, “नवरीचे वडील पुढं या!” पितांबर बँडच्या रांगेतून निघाला. ढोल गळ्यातच होता, बंद सोडायला वेळ नव्हता. नोट मात्र त्यानं हातात घेतली होती.

“ए गडी, तू बाजूले व्हय,” बन्सीलाल म्हणाला. “इवाईले येऊ दे.”

“मीच तुमचा इवाई.”

बन्सीलालनं तुरा वर केला. खाली बघितलं. मग पितांबरच्या हातातल्या नोटेकडं बघितलं. 

“मी मना इवाईले नोट चारी?”

“चांगली होती,” पितांबर म्हणाला. “नवीकोरी.”

बन्सीलालला नीट समजायला अभिमननं गटारीपासून नसलं तरी खतापासून सगळं सांगितलं. सांगताना मध्येच द्रौपदाबाई विहिरीची भर घालत होती. बन्सीलाल ऐकत होता आणि त्याचा चेहरा लाल होत चालला होता. पितांबरला वाटलं, झालं, आता हा म्हणतो की असल्या घरची सोयरीक नको. बन्सीलालनं हात पुढं केले आणि पितांबरला मिठी मारायला गेला. मध्ये ढोल. दोघांची पोटं ढोलावर दोन्ही बाजूंनी आपटली आणि एक दणदणीत थाप पडली.

“ही कोनी वाजाडी?” बन्सीलालनं धनसिंगला विचारलं. “एक बाजू मी धुये जिल्हानी मारी. तुम्हना खतमा बसस का?”

धनसिंगनं कपाळाला हात लावला. “माफ आहे,” तो म्हणाला.

पाठवणीच्या आधी फोटो निघाला. फोटोवाला म्हणाला, बँडवाल्यांनी जरा बाजूला व्हा. पितांबर सवयीनं बाजूला झाला, तर मंदानं त्याचा कोट धरून ओढलं. कोटाचं दुसरं बटण त्यात तुटलं.

चार दिवसांनी धनसिंग कोट न्यायला आला. पितांबरनं कोट घडी करून दिला, बटण वेगळं कागदात बांधून दिलं, आणि विचारलं, “पोच म्हणून सही करू का?”

“नको!” धनसिंग एवढ्या जोरात म्हणाला की गोठ्यातलं वासरू उठून उभं राहिलं.

पाटी आता त्या गोठ्यालाच आहे. वासरू उडी मारून बाहेर यायचं, म्हणून द्रौपदाबाईनं ती आडवी ठोकली. ‘होईल’ तेवढं घराच्या भिंतीवर राहिलं आहे.

दोंडाईच्याला मंदाच्या घरी तो फोटो दाराच्या समोरच लावला आहे. नवरा-नवरी, दोन्हीकडची मंडळी, फेटेवाला अभिमन, आणि मधोमध बन्सीलालनं ज्याच्या खांद्यावर हात टाकला आहे असा एक बँडवाला. नवीन कुणी घरी आलं की विचारतं, हाऊ बँडवाला मधमा कसा घुसना?

“पहूरना शे तो,” मंदा सांगते. आणि पितांबर तिथं पाहुणा म्हणून बसलेला असला तर तो चहाच्या कपात बघत मान हलवतो, की हो, पहूरचाच.